विजेच्या होडीचा पल्ला आणि डहाणूची भरती

विजेवर चालणाऱ्या लहान होडीचा पल्ला, म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर ती जेवढे अंतर कापू शकते ते अंतर, हा होडीचा स्थिर गुण नसून वेग, पाण्याची ओढ आणि वारा यांच्याबरोबर घडोघडी बदलणारी गोष्ट आहे. डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावर खंबातच्या आखाताच्या सान्निध्यामुळे भरती-ओहोटीतील फरक मुंबईपेक्षा मोठा असतो, आणि तेथे हे न ओळखणाऱ्याची फसगत ठरलेली असते. प्रस्तुत लेखकाची ती झाली असल्याने तिचा हिशेब येथे मांडला आहे.

होडी सहा मीटर लांबीची आणि बॅटरी पाच युनिटांची होती. युनिट म्हणजे किलोवॉट-तास, वीजबिलावर छापलेले असते तेच; बॅटरी तळापर्यंत रिकामी करू नये म्हणून त्यांतील चारच युनिटे वापरायची असे ठरले होते. शांत पाण्यात मोजले असता ताशी ३ सागरी मैलांच्या वेगाला (सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) सुमारे ४०० वॉट, ४ मैलांना १,००० वॉट आणि ५ मैलांना २,४०० वॉट लागत. वेग वाढला की लागणारी शक्ती साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू लागली की त्याहूनही अधिक. म्हणून त्याच चार युनिटांत ३ च्या वेगाने तीस मैल, ४ च्या वेगाने सोळा मैल, तर ५ च्या वेगाने जेमतेम आठ मैल जाता येते. पेट्रोल इंजिनाची सवय झालेल्याला हे आकडे अविश्वसनीय वाटतात, कारण दहा लिटरच्या डब्यात सुमारे नव्वद युनिटांइतकी उष्णता असते आणि इंजिनाने तिच्यातील बराचसा भाग वाया घालवला तरी उरलेल्यावर निष्काळजीपणा खपून जातो.

डहाणूच्या खाडीतून बोर्डीकडे जाताना भरती उत्तरेला वाहते. त्या दिवशी पाण्यातील वेग ४ आणि ओढ दीड मैलाची असल्यामुळे किनाऱ्याच्या तुलनेत होडी साडेपाचने चालली आणि नऊ मैलांना केवळ १.६५ युनिटे लागली. पडद्यावर उरलेला पल्ला तेरा मैल दिसत होता. तो आकडा मागच्या अंतरावरून पुढचे अंतर काढतो आणि भरतीने दिलेली मदत होडीच्या खात्यावर जमा करतो, ही गोष्ट त्या वेळी ध्यानात आली नाही. सुकतीला खाडीच्या मुखाशी पाणी उरत नाही या धास्तीने भरती पुरी होण्याच्या दोन तास आधीच होडी परत फिरवली गेली. समोरच्या ओढीने चाल मंदावली तेव्हा वेग ५ वर नेला गेला. तासाभरात साडेतीन मैलही झाले नव्हते, होडी चिखल्याच्या समोर होती आणि ठरवलेली चारही युनिटे संपली होती. नांगर टाकावा लागला. पुढे एका मच्छीमार होडीच्या तांडेलाने दोर देऊन ती ओढत नेली, आणि वाटेत त्याने विचारले ते एवढेच, की पाणी फिरेपर्यंत बोर्डीलाच का थांबला नाहीत.

त्या प्रश्नात सगळे उत्तर होते. भरती पूर्ण होईपर्यंत बोर्डीसमोर नांगरून राहिले असते, तर ओहोटीच्या पहिल्या दोन तासांत तेवढ्याच १.६५ युनिटांत होडी परत आली असती, आणि तोपर्यंत खाडीच्या मुखाशी पाणीही पुरेसे राहिले असते. म्हणून या किनाऱ्यावर बॅटरीइतकेच तिथीकडे लक्ष असावे. कोकणात तिथीच्या अंकाची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. डहाणूला ती मुंबईपेक्षा उशिरा येते, तेव्हा भरतीच्या छापील तक्त्याशी ताळा घ्यावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात ओढ जोराची असते, अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाला, ती मंदावते. तलासरी तालुक्यातील झाईपर्यंतची पहिली फेरी भांगालाच करावी.

ओढीविरुद्ध जाणे अटळच असेल, तर शक्ती वेगाच्या घनाने वाढते या नियमातून एक उपयोगी गणित निघते: पाण्यातील वेग ओढीच्या दीडपट ठेवला असता दर युनिटामागे सर्वांत जास्त अंतर कापले जाते. ओढ दोन मैलांची असेल तर वेग तीनचा. होडी किनाऱ्याच्या तुलनेत ताशी एकच मैल सरकते, आणि अशा वेळी नांगर टाकणे बहुधा शहाणपणाचे ठरते. केरळात २०१७ पासून वैक्कम–तवणक्कडव मार्गावर चालणारी ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर नौका मंद वेगाच्या बळावरच टिकली आहे, मात्र तिचा मार्ग छोटा आणि वेंबनाड सरोवराच्या शांत पाण्यातला आहे.

मोजणी प्रत्येकाने स्वतःच्या होडीवर करावी: एकाच टप्प्यावर दोन्ही दिशांनी जाऊन दोन्ही वेगांची सरासरी घ्यावी, म्हणजे ओढीचा परिणाम बहुतांशी वजा होतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे त्यावरून शिल्लक ओळखू नये. गेलेले अँपिअर-तास मोजणारे यंत्र बसवावे. दुपारचा खारा वारा भरतीच्या उलट आला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि खर्च वाढतो, म्हणून चारांपैकी एक युनिट परतीच्या हिशेबात धरूच नये. नांगराचा दोर पूर्ण भरतीच्या खोलीच्या निदान पाचपट असावा.