टाका सुबक, हिशेब चोख

‘मुलगी दिवसभर पिशव्या शिवत असते, भरतकामही छान करते. पण त्यात पोट भरेल का?’ निकालाच्या दिवसांत सांगली-साताऱ्याकडचे पालक हे विचारतात तेव्हा आवाजात काळजी असते आणि थोडा संकोचही. पुढचे शिक्षण जमले नाही की शिवणाचा क्लास लावायचा, ही समजूत अजून घराघरांत आहे. पोट भरते, पण नुसता हात चांगला असून भरत नाही. या धंद्यात टिकतो तो आपल्या वेळेचा भाव काढता येणारा माणूस. मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही हे सारखेच लागू आहे.

म्हसवडच्या बायकांचे गणित

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्वतःची बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तकांत निरक्षर बायका होत्या. मग बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या. लिहिणे-वाचणे राहिले असेल, पण व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी तो कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवावा, असे त्यांनी ऐकवले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे माणदेशी फाउंडेशनने बायकांसाठी उद्योगाचे शिक्षण देणारी शाळा काढली आणि ती बसमधून गावोगाव नेली. माणदेशी महोत्सवात ग्रामीण बायकांचा माल साताऱ्यात आणि मुंबईत थेट गिऱ्हाइकासमोर मांडला जातो. पिशव्या-बटव्यांच्या धंद्यात उतरणाऱ्याने या बायकांकडून आधी हा हिशेबीपणा घ्यावा.

काम नेमके काय असते?

ब्लाउज शिवता आला म्हणजे बॅग जमेलच असे नाही. बॅगेत वरचे कापड, फोम किंवा बकरम आणि अस्तर असे थर एकावर एक येतात. चेन सरळ बसवणे, कोपऱ्यावर पाइपिंग वळवणे, पट्ट्याच्या जोडाला दुहेरी टीप मारणे ही वेगळी सवय आहे. बॅग फाटते ती बहुधा पट्ट्याच्या जोडाशी, आणि गिऱ्हाईक पुन्हा येणार की नाही तेही तिथेच ठरते.

हातकामात धावदोरा, उलट टीप, साखळी टाका आणि गाठीचा टाका हे चार पक्के झाले की बरेच काम निघते. पुढची शिदोरी आपल्या सीमेपलीकडेच आहे. धारवाडकडची कसुती कापडाचे धागे मोजून, गाठ न मारता भरतात. बंजारा तांड्यांवर आरसे-कवड्यांचे भरतकाम आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे खण एकेकाळी चोळीसाठीच घेतले जात, आता त्याच्या पर्स आणि तोरणे होतात. खणाचा पन्हा लहान असतो, म्हणून कापण्याआधी कागदाचा साचा मांडून पाहण्याची शिस्त लागते.

गिऱ्हाईक कुठे आहे?

राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यावर कापडी पिशवीची मागणी वाढली. पण साध्या पिशवीत कारखान्याच्या मालाशी भावाची बरोबरी करायला जाऊ नका. हातकामाची किंमत देणारे गिऱ्हाईक निराळे असते आणि आपल्या भागात ते भरपूर आहे. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे वाण लागते, तेही एकसारखे आणि डझनांनी. सांगलीची हळद आणि बेदाणा या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि दिवाळीत भेट पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला नक्षीचा बटवा देता येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यालाही मानांकन मिळाले. त्या वाद्यांना अस्तराची, मापात शिवलेली गवसणी हवीच असते. साताऱ्याकडे कास, पाचगणी, महाबळेश्वरचा पर्यटक आहे. कारवीचे किंवा कासच्या रानफुलांचे भरतकाम असलेली छोटी पर्स त्याला आठवण म्हणून न्यावीशी वाटते.

तासाला किती पडले?

आता खरा मुद्दा. समजा, एका खणाच्या पर्सला कापड, अस्तर, फोम, चेन, दोरा मिळून १३० रुपये लागले. वीज, वाया गेलेले कापड, प्रदर्शनाचे भाडे यांचा वाटा ३५ रुपये. कापणे-शिवणे दीड तास आणि भरतकाम तीन तास. पर्स ३५० रुपयांना विकली तर खर्च वजा जाता १८५ रुपये उरतात. साडेचार तासांनी भागले तर तासाला ४१ रुपये.

तीच पर्स, पण भरतकाम फक्त झाकणावर, पाऊण तासाचे. एकूण वेळ सव्वादोन तास. ३५० रुपयांनाच विकली तरी तासाला ८२ रुपये पडतात. कापड तेच, भाव तोच, फक्त नक्षी कुठे थांबवायची ते ठरवले. भरगच्च काम करूच नये असे नाही. ते ऑर्डर घेऊन, आगाऊ रक्कम घेऊन आणि तासांप्रमाणे भाव सांगून करावे. दुकानदार विक्रीवर ३० टक्के घेत असेल तर तेही भावात आधीच धरावे. नाहीतर नफा त्याचा आणि पाठदुखी आपली.

शिकायचे कुठे?

दहावीनंतर आयटीआयमध्ये सुइंग टेक्नॉलॉजी, ड्रेस मेकिंग आणि भरतकामाचा सरफेस ऑर्नामेंटेशन हे एक वर्षाचे ट्रेड आहेत. कोणत्या संस्थेत कोणता ट्रेड आहे ते प्रवेशाच्या ऑनलाइन यादीत पाहावे. पुढे शिक्षक व्हायचे असेल तर निदेशकांसाठीचा एक वर्षाचा सीआयटीएस अभ्यासक्रम आहे.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आरसेटीचा पर्याय खुला होतो. सांगलीत ती बँक ऑफ इंडिया चालवते, साताऱ्यात आयडीबीआय बँक. प्रशिक्षण मोफत असते, राहण्या-जेवणाची सोय असते आणि नंतर कर्जासाठी पाठपुरावाही होतो.

बारावीनंतर पदवी हवी असेल तर इचलकरंजीची डीकेटीई संस्था जवळ आहे. तिथे वस्त्र तंत्रज्ञानाबरोबर फॅशनचेही शिक्षण मिळते. निफ्टची चार वर्षांची डिझाइनची पदवी कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला प्रवेश परीक्षेतून घेता येते. फी जड असते, तेव्हा मुलाला रेखाटनाची खरी ओढ आहे का, हे आधी पाहा. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या तर तो अंदाज लवकर येतो. आणि शिवणकाम शिकता शिकता बी.कॉम. करणे हा अनेकांच्या लक्षात न येणारा, पण फार उपयोगी मार्ग आहे.

भांडवल आणि कागदपत्रे

सुरुवात घरच्या यंत्रावर करा. जाड कॅनव्हासचे काम सतत येऊ लागले की मगच औद्योगिक यंत्र घ्या. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. पात्र व्यक्तीला प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. वय किमान १८ लागते आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. उद्यम नोंदणी फुकट असते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. हस्तकला कारागिरांचे ‘पहचान’ ओळखपत्र काढले तर सरकारी मेळाव्यांत जागा मागता येते.

पालकांनो, एवढे लक्षात ठेवा

कमाई दरमहा सारखी नसते. दिवाळी आणि संक्रांतीला रात्र पुरत नाही आणि पावसाळ्यात हात रिकामे राहतात. त्या दिवसांत वाणाच्या मालाची तयारी करावी किंवा फॉल-बिडिंगसारखे रोजचे काम धरावे. डोळे आणि कंबर यांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी: चांगला उजेड, योग्य उंचीची खुर्ची, तासातासाला उठणे. ‘घरातलेच तर आहेत’ म्हणून नातेवाइकांना माल फुकट वाटायला लावू नका. त्याने मुलांना आपल्या कामाला किंमत नाही असे वाटू लागते.

निर्णय घेण्याआधी सुट्टीत एक परीक्षा घ्या. एकाच मापाचे बारा बटवे शिवायला सांगा. प्रत्येकाचा वेळ आणि खर्च वहीत लिहू द्या, आणि निम्मे तरी अनोळखी माणसांना विकू द्या. बारावा बटवा पहिल्याइतकाच सुबक आणि जास्त लवकर झाला, शिवाय भाव सांगताना जीभ अडखळली नाही, तर धंद्याचा विचार निर्धास्त करा. काम सुबक आहे पण विकणे नकोसे वाटते, तर बुटीकमधले, कारखान्यात नमुने शिवण्याचे किंवा शिकवण्याचे काम पाहा. चौथ्या बटव्यालाच कंटाळा आला पण डोक्यात नवनवे नमुने येत राहिले, तर डिझाइनची वाट धरा. आणि यातले काहीच दिसले नाही, तर हौस घरी ठेवून दुसरे शिक्षण निवडण्यात कसलीही हार नाही. त्या बारा बटव्यांवर खर्च झालेले पैसे कोणत्याही क्लासच्या फीपेक्षा कमीच असतील.