नव्या लॅपटॉपवर जाताना

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

नवा लॅपटॉप घेतलास, बरे केलेस. जुन्या लॅपटॉपवरच्या विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लोकांचे हिशेब तसल्या मशीनवर ठेवू नयेत.

मात्र ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डर पेनड्राइव्हवरून उचलून न्यायचा बेत सोडून दे. इन्स्टॉल झालेले सॉफ्टवेअर एका जागी राहत नाही. थोडे त्या फोल्डरात, नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, काही डीएलएल फाइली सिस्टिममध्ये, तुझी सेटिंग्ज लपलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात. नुसता फोल्डर नेलास तर बहुतेक सॉफ्टवेअर उघडणारच नाहीत. सगळे हलवून देणारी साधनेही विकत मिळतात, पण त्यांच्याबरोबर जुना कचरा येतो आणि लायसन्सचा प्रश्न उरतोच. तेव्हा प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवरून नव्याने टाक. न्यायचा तो डेटा.

टॅलीकडे सर्वांत जास्त लक्ष दे. आधी त्यातल्या सगळ्या कंपन्यांचा बॅकअप घे आणि तो पेनड्राइव्हवर ठेव. मग जुन्या लॅपटॉपवर नेट चालू असताना लायसन्स सरेंडर कर, त्यानंतरच नव्यावर ॲक्टिव्हेट कर. नव्यावर आधी जुनीच रिलीज टाक. वरच्या रिलीजमध्ये एकदा नेलेला डेटा खालच्या रिलीजमध्ये पुन्हा उघडत नाही, म्हणून बॅकअप उघडून शिल्लक जुळल्याशिवाय अपग्रेड करू नकोस. ताळेबंद, येणेकरी, देणेकरी, तिन्ही दोन्ही मशीनवर शेजारी शेजारी पाहा. या तपासणीचा कंटाळा करू नकोस, बाळा. लोकांनी विश्वासाने दिलेले आकडे आहेत ते.

डिजिटल सहीची किल्ली टोकनमध्येच असते, ती कॉपी करायची नसते. नव्या मशीनवर टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलचे एमसायनर टाकून सही होते का, ते आधी बघ. जीएसटीआर-3बी रिटर्न भरण्याची 20 तारीख जवळ आली असेल तर हे सगळे काम पुढे ढकल.

मराठी बिले जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर तो फॉन्टही ने, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतील.

जुना लॅपटॉप दादाला द्यायचा म्हणतेस. दे, पण महिन्याचे रिटर्न नव्यावरून भरून झाल्यावर. आणि देताना फाइली नुसत्या डिलीट करू नकोस. विंडोजच्या रीसेटमध्ये ड्राइव्ह पूर्ण पुसण्याचा पर्याय आहे, तो निवड. त्या लॅपटॉपमध्ये तुझ्या पक्षकारांचे पॅन आणि उलाढाली आहेत, आणि हे घरातल्या माणसालाही दिसता कामा नये.

टॅलीचे लायसन्स सरेंडर करताना काही अडले तर पुढचे बटण दाबण्याआधी मला फोन कर. आईला नमस्कार.

तुझा,
मामा