चांद्याचे बॅरिस्टर आणि आपल्या दाखल्यावरचा शब्द



दीक्षा घेऊन घरी आल्यावर भिंतीवरचे जुने देव उतरतात, तथागत आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या प्रतिमा लागतात, पुढचे लग्न बौद्ध पद्धतीने लागते. इथपर्यंत काही अडत नाही. अडते ते जून महिन्यात, मुलाचे नाव शाळेत घालताना. 'धर्म' आणि 'जात' असे दोन रकाने समोर येतात आणि बापाचा हात थबकतो. सोलापुरात बुधवार पेठेत असो किंवा मोहोळ-अक्कलकोटकडच्या एखाद्या वस्तीत असो, प्रश्न एकच विचारला जातो : "बौद्ध लिहिले तर सवलत जाईल काय?"

आज या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे एका शब्दात देता येते. परंतु ते एका शब्दात देता यावे यासाठी आपल्या समाजाला चौतीस वर्षे झगडावे लागले. त्या झगड्यात एक माणूस सतत दिसतो. तो मुंबईचा नव्हे, पुण्याचा नव्हे. चांदा नावाच्या आडबाजूच्या गावचा तो वकील. आजच्या पाठात त्याची ओळख करून घ्यायची आहे.

तत्पूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट ध्यानात घ्या. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले. सबंध देशात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दोनच उमेदवार लोकसभेवर गेले, एक हैद्राबाद संस्थानातील करीमनगरहून आणि दुसरे सोलापूरहून. सोलापूर तेव्हा दोन जागांचा मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर शंकरराव मोरे आणि राखीव जागेवर आपले पां. ना. राजभोज निवडून आले. आजी-आजोबांच्या पिढीला त्याचा अभिमान वाटे आणि तो रास्तच होता.

आता विचार करा. अशा राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या माणसाने उद्या धम्मदीक्षा घेतली तर? कायदा काय म्हणत होता? १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबाबतचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाचा आशय असा होता की, हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. काही शीख जातींना त्यात अपवाद होता, १९५६ साली सर्व शीख अनुसूचित जातींना तो लागू झाला. बौद्धांचे नाव त्यात नव्हते. म्हणजे विहिरीवर, वाड्यावर, गावकुसाबाहेर तुमची अवस्था कालचीच राहणार. मात्र कागदावर तुम्ही अस्पृश्यतेतून मुक्त झालात असे सरकार मानणार! गंमत अशी की लग्न आणि वारसा यांच्यापुरते हिंदू कायदे आपल्याला लागू, आणि सवलतीपुरते मात्र आपण परके.

हे ठाऊक असूनही लोकांनी काय केले? १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ साली ती संख्या २७ लाख ८९ हजारांवर गेली. प्रगणक दारात आला तेव्हा गिरणीतल्या जॉबरपासून शेतमजुरापर्यंत लोकांनी नफा-तोट्याचा हिशेब न करता 'बौद्ध' सांगितले. माझ्या मते दीक्षाभूमीवरच्या गर्दीइतकीच ही घटना मोठी आहे.

भाऊराव देवाजी खोब्रागडे यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२५ रोजी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला झाला. लोक त्यांना राजाभाऊ म्हणत. विलायतेला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि परत आले ते आपल्याच गावात. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चांद्याला येऊन लोकांना दीक्षा दिली. त्या सोहळ्याच्या उभारणीत राजाभाऊ पुढे होते. तेव्हा त्यांचे वय एकतीस. त्यानंतर सात आठवड्यांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. जे तरुण कार्यकर्ते एकदम पोरके झाले, पण बसून राहिले नाहीत, त्यांत राजाभाऊंचे नाव घ्यावे लागते.

१९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि १९५८ साली राजाभाऊ राज्यसभेवर गेले. 'राज्यसभाच का?' असे वर्गात कोणी विचारील. राज्यसभेचे सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात, आणि तेथे राखीव जागा हा प्रकारच नाही. त्यामुळे उमेदवाराचा धर्म आडवा येत नाही. १९५७ च्या निवडणुकीत फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर होते आणि समितीचे पुष्कळ आमदार निवडून आले होते. उघडपणे बौद्ध राहून दिल्लीत बोलावयाचे तर हा एक सरळ रस्ता होता. राजाभाऊ तेथे तीनदा गेले : १९५८ ते १९६४, १९६६ ते १९७२ आणि १९७८ ते १९८४.

राखीव जागेच्या रस्त्यावर काय होत असे, तेही पाहा. १९६२ साली नागपूरच्या एका राखीव जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. प्रतिपक्षाने न्यायालयात हरकत घेतली की हे गृहस्थ बौद्ध झालेले आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६४ साली निकाल लागला : धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, यांनी बौद्ध धम्म तसा जाहीर केला आहे, म्हणून ते त्या जागेस पात्र नाहीत. आमदारकी गेली. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या नावाने हा निकाल वकील मंडळी आजही सांगतात. आपल्या माणसाने जे उघडपणे मानले, तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले.

राज्याराज्यांतही फरक होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हा यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती चालू केल्या. फी माफ झाली, राज्याच्या नोकरीत जागा मिळाली. पण सोलापूरच्या रेल्वेत नोकरी मागायला गेलात तर? रेल्वे केंद्राची. तेथे तोच मुलगा, तीच गुणपत्रिका, आणि राखीव जागा नाही. एकाच घरातला थोरला राज्याच्या कचेरीत 'नवबौद्ध' म्हणून लागे आणि धाकट्याने केंद्राच्या अर्जावर जुनी जात लिहून धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहावे असा मोह पडे. किती घरांतून असे दोन धर्म कागदावर नांदले असतील! त्यांना दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही.

म्हणून १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली. त्यात पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाचा कायदा अमलात आणा, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा मागण्यांबरोबर बौद्धांना सवलती द्या ही मागणी होती. ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे नेते आणि हजारो साधी माणसे, बायाबापड्यांसुद्धा, तुरुंगात गेली. रस्त्यावरचा हा रेटा आणि सभागृहातले राजाभाऊंसारख्यांचे बोलणे हे एकाच कामाचे दोन भाग होते, हे विसरू नका.

१७ डिसेंबर १९६९ रोजी राजाभाऊ राज्यसभेचे उपसभापती झाले आणि एप्रिल १९७२ पर्यंत त्या पदावर राहिले. ज्या सभागृहात १९५२ पासून अखेरपर्यंत बाबासाहेब सदस्य होते, तेथेच चांद्याचा हा दीक्षित बौद्ध पीठासनावर बसला.

सगळे गोड सांगितले तर तो पाठ होणार नाही. याच काळात पक्षाची शकले झाली. गायकवाड गट, खोब्रागडे गट अशी नावे पडली आणि बाबासाहेबांच्या पक्षापुढे माणसांच्या नावाचे कंस लागले. त्या फुटीतून राजाभाऊ अलिप्त नव्हते. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही हे सांगितले पाहिजे, कारण एकत्रित बळ असते तर कायदा कदाचित लवकर बदलला असता.

तो बदलला १९९० साली. संसदेने १९५० च्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदात हिंदू आणि शीख यांच्या जोडीला 'बौद्ध' हा शब्द घातला. मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्रही त्याच वर्षी लागले. राजाभाऊंनी यांतले काहीच पाहिले नाही. राज्यसभेतील शेवटची मुदत एप्रिल १९८४ च्या आरंभी संपली आणि त्याच महिन्यात, ९ तारखेला, त्यांचे निधन झाले होते.

त्या एका शब्दाने काय झाले ते आपल्या जिल्ह्यात दिसले. पंढरपूरच्या राखीव जागेवरून १९९९ आणि २००४ साली रामदास आठवले लोकसभेवर गेले. २०१९ साली सोलापूरच्या राखीव जागेवर ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. ते पराभूत झाले, पण बौद्ध आहेत म्हणून त्यांचा अर्ज अडला नाही.

आता तुमच्या घरचे काम. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा, निःशंक लिहा. परंतु पूर्वजांची जात दाखवणारे जुने कागद लाजेने फाडू नका. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, कारण तोच त्या आदेशाचा दिवस. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टराचा उतारा, नाहीतर तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल काढून ठेवा. राज्याच्या आणि केंद्राच्या दाखल्याचे नमुने निरनिराळे असतात, दोन्ही मागून घ्या. घरातल्या सर्वांत वडील माणसाला आजच विचारा की आजोबा कोणत्या गावच्या शाळेत गेले होते, आणि शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या जन्माची नोंद कोणत्या गावी झाली होती.