लेकराची मान वाकडी का?

राणीसावरगावात काय किंवा गंगाखेड तालुक्यातल्या कुठल्याही गावात काय, एखादे लेकरू सतत एका बाजूला तोंड वळवून बघू लागले की घरचे म्हणतात, मानेची शीर आखडली असेल, नाहीतर सवय लागली असेल. मग तेल-मालीश होते, शेक होतो, 'मान सरळ ठेव' म्हणून दटावणे चालू राहते. कारण डोळ्यात असू शकते, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. ते ओळखायला यंत्र लागत नाही. लेकरू झोपल्यावर मान सरळ होते का, आणि जागेपणी एक डोळा हाताने झाकल्यावर होते का, एवढे बघावे. होत असेल तर मानेच्या स्नायूंवर उपचार करण्याआधी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. अशा मुलांपैकी काहींना ड्युएन सिंड्रोम हा जन्मजात विकार निघतो. स्टिलिंग यांनी 1887 मध्ये तो नोंदवला होता, पण नाव मिळाले ते 1905 मध्ये 54 रुग्णांचा अभ्यास मांडणाऱ्या अलेक्झांडर ड्युएन या अमेरिकन डॉक्टरांचे. डोळा कानाकडे वळवणाऱ्या स्नायूला मेंदूतून येणारी सहावी नस या मुलांमध्ये नीट तयारच झालेली नसते आणि तिसऱ्या नसेचे धागे चुकून त्या स्नायूत शिरतात. त्यामुळे सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात डोळा कानाकडे जात नाही. नाकाकडे जाताना दोन्ही बाजूंचे स्नायू एकदमच आवळतात, म्हणून डोळा खोबणीत आत ओढला जाऊन पापण्यांमधली फट अरुंद होते. हा दोष बहुधा डाव्या डोळ्यात असतो.

आता माझे मुख्य म्हणणे. या विकारात वाकडी मान हे दुखणे नव्हे, तो लेकराने स्वतः शोधलेला इलाज आहे. डावा डोळा डावीकडे वळत नसेल तर तोंडच डावीकडे फिरवायचे, म्हणजे दोन्ही डोळे एका जागी लागतात आणि एकाच्या दोन वस्तू दिसत नाहीत. ही मुले दोन्ही डोळे मिळून वापरतात ती बरीचशी या युक्तीच्या जोरावर. अशा मुलाला दटावून मान सरळ करायला लावणे म्हणजे त्याची नीट दिसण्याची सोय मोडणे. शस्त्रक्रियेचा निर्णयही इथूनच सुरू झाला पाहिजे. समोर बघताना डोळा फारसा तिरळा नसेल आणि मान जेमतेम वळत असेल, तर चष्मा व आळशी डोळा (मेंदू नीट वापरत नसल्याने कमी दिसणारा डोळा) तपासून नुसती नजर ठेवणे हा पुरेसा उपचार आहे. मान खूप वळत असेल, सरळ बघताना तिरळेपणा ठळक असेल किंवा नाकाकडे वळताना डोळा एकदम वर-खाली उसळत असेल, तेव्हाच शस्त्रक्रियेचा विचार करावा.

ती करूनही सहावी नस मिळत नाही. नाकाकडचा स्नायू सोडवून मागे शिवतात. काही वेळा वरचा किंवा खालचा स्नायू कानाच्या बाजूला सरकवतात. पहिल्यात मान सरळ ठेवून समोरचे एक दिसावे, एवढाच हेतू असतो. दुसऱ्यात कानाकडची हालचाल थोडी वाढू शकते, पण वर-खाली तिरळेपणा येण्याची जोखीम पत्करून. नेहमीच्या तिरळेपणात बाहेरचा स्नायू आखूड करतात, तसे इथे केले तर डोळा आणखी आत ओढला जाऊ शकतो. म्हणून 'तिरळेपणाचे ऑपरेशन' एवढ्यावर समाधान मानू नये. कोणता स्नायू, कशासाठी आणि नंतर काय तसेच राहणार, हे सर्जनकडून आधी ऐकून घ्यावे.

सरळ दिसणारा डोळा हा बरे झाल्याचा पुरावा नव्हे, हे वैद्यकाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. अठराव्या शतकात जॉन टेलर नावाचा फिरता इंग्रज डोळेवाला तिरळेपणा 'बरा' करी. डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला जरासा छेद द्यायचा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची. दुसरा डोळा झाकला की तिरळा आपोआप सरळ बघतो. पट्टी सुटेपर्यंत स्वारी पुढच्या गावाला! 1839 मध्ये बर्लिनच्या डीफेनबाख यांनी खरी शस्त्रक्रिया केली. त्यांचा हेतू शुद्ध होता, तरी स्नायू पूर्ण कापून सोडल्यामुळे पुढे कित्येकांचे डोळे उलट्या बाजूला गेले.

तपासणीला आणि शस्त्रक्रियेला घरातूनच आक्षेप येतात. तिरळा डोळा नशीबवान, असे म्हणणाऱ्या आजीशी भांडण्यात अर्थ नाही. तपासणीने नशीब पळत नाही, आळशी डोळा मात्र लहानपणीच सुधारतो. मोठेपणी आपोआप जाईल, हे खरे नाही. नसेची उणीव कायमची असते. डोळा बाहेर काढून ठेवतात, ही भीती तर निव्वळ गैरसमज. स्नायू डोळ्याच्या पृष्ठभागावर असतात आणि काम तिथेच चालते. लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते, तिची जोखीम मात्र विचारून घ्यावी. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून हे झाले, हा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. थॅलिडोमाइड या औषधामुळे बाधित मुलांच्या अभ्यासातून कळते की हा घोटाळा गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास होतो. तेव्हा अनेक बायांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. पुरा इलाज नाही तर ऑपरेशन कशाला, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. त्याचे उत्तर मुलागणिक वेगळे. मान दुखेपर्यंत वळवावी लागणाऱ्याला ते लाभते, किंचित वळवणाऱ्याला बहुधा नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्यांना मानेबद्दल आवर्जून सांगावे. पुढे नांदेड किंवा अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि दुर्मीळ प्रकारासाठी हैदराबादची एल. व्ही. प्रसाद संस्था. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. जाताना लेकराचे तान्हेपणापासूनचे फोटो न्यावेत, वाकडेपणा किती जुना ते त्यांतून दिसते. काही मुलांना सोबत बहिरेपणा किंवा मानेच्या मणक्यांचा दोष असतो, म्हणून कानही तपासून घ्यावेत. फोटोत डोळे सरळ असतील, तिरळेपणा नव्यानेच आला असेल आणि सोबत डोकेदुखी, उलट्या असतील, तर तो ड्युएन नव्हे. मेंदूवरच्या दाबाचे ते लक्षण असू शकते. पथकाची वाट न बघता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.