शास्त्रीय मराठीतील ‘जर–तर’ : पाणलोट क्षेत्राचे प्रतिमान

या पाठात आपण शास्त्रीय गद्यातील संकेतार्थी वाक्यरचनेचा परिचय करून घेणार आहोत. त्यासाठी उदाहरण वणी परिसराचे घेऊ.

१. संज्ञा

‘पाणलोट’ हा शब्द ‘पाणी’ आणि ‘लोट’ यांपासून झाला आहे. ज्या भूभागावरील पावसाचे पाणी एकाच ओढ्याकडे वा नदीकडे वाहत येते, ते तिचे पाणलोट क्षेत्र होय. वणीची निर्गुडा वर्धेला मिळते; वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि ती गोदावरीस जाऊन मिळते. लहान पाणलोट असे मोठ्या पाणलोटात सामावलेले असतात. पावसाचे जे पाणी न मुरता पृष्ठभागावरून वाहून जाते, त्यास ‘अपधाव’ म्हणतात. निसर्गातील अशा व्यवहाराची गणिती प्रतिकृती म्हणजे ‘प्रतिमान’.

२. उदाहरण

वणी तालुक्यात जंगल, कपाशीची शेते आणि कोळशाच्या खुल्या खाणी शेजारी-शेजारी आहेत. जमिनीचा वापर बदलला की अपधावही बदलतो. तो मोजण्याच्या ‘कर्व्ह नंबर’ पद्धतीत जमिनीला तिच्या मातीनुसार व आच्छादनानुसार एक अंक दिला जातो. पाणी सावकाश मुरणाऱ्या भारी मातीवर चांगल्या जंगलाचा अंक ७७, तर सरळ ओळींत पेरलेल्या पिकाचा ८९ धरतात. मूळ सूत्रानुसार एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर जंगलातून सुमारे ४५ आणि शेतातून सुमारे ७० मिलिमीटर पाणी वाहून जाते. हा २५ मिलिमीटरचा फरक हेक्टरी अडीच लाख लिटर भरतो.

आता हवामान बदलू. मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. पाऊस १०० ऐवजी १२० मिलिमीटर मानला, तर जंगलाचा अपधाव ६१ होतो. जंगलाच्या जागी शेत असेल, तर ८९. पाऊस एक-पंचमांशाने वाढला. दोन्ही बदल एकत्र येताच अपधाव मात्र जवळजवळ दुप्पट झाला.

३. विवेचन

वरील प्रत्येक निष्कर्ष ‘तर’च्या पुढे आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. ‘जर’मध्ये माती, उतार, आधीचा ओलावा अशी अनेक गृहीतके दडलेली असतात. म्हणूनच प्रतिमानाचे उत्तर नदीवरील प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहावे लागते. खाणीच्या जमिनीला शेताचा अंक लावून चालत नाही. तेथे खड्डा पाणी साठवतो, तर मातीचे ढिगारे ते वेगाने सोडतात.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. खाणविस्ताराच्या जनसुनावणीत वा ग्रामसभेत अहवालाचा मराठी सारांश वाचला जातो. त्यातून ‘जर’ गाळला, तर अंदाज हा निकाल ठरतो. उलट प्रत्येक वाक्यास ‘कदाचित’ जोडले, तर नदीकाठच्या माणसाला मिळावयाचा इशाराच हरवतो. अट स्पष्ट सांगणे आणि निष्कर्ष ठामपणे मांडणे, ही दोन्ही कामे एकाच वाक्याने करावयाची असतात.

स्वाध्याय

१. ‘जंगल तोडल्याने पूर येईल’ हे वाक्य अटीसह पुन्हा लिहा.
२. आपल्या गावाचे पाणी कोणत्या ओढ्यातून कोणत्या नदीस मिळते, ते दहा ओळींत लिहा. गेल्या वीस वर्षांत त्या वाटेवरील जमिनीचा वापर कसा बदलला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यात नोंदवा.