इमानेइतबारे

(परीक्षेत कॉपी करणे किंवा घरी एखादी गोष्ट लपवणे फार मोठे नाही, असे पुष्कळांना वाटते. अशा फसवणुकीमुळे काय घडते आणि चूक झाल्यावर ती कशी सुधारता येते, हे या पाठात सांगितले आहे.)



असे समजा, की आज परीक्षेचा दिवस आहे. तुम्ही आपल्या बाकावर बसला आहात. गणिताची प्रश्नपत्रिका तुमच्या हातात आहे. पर्यवेक्षक दाराजवळ उभे आहेत. इतक्यात तुमच्या पाठीत पेन्सिल टोचते. मागच्या बाकावर तुमचा जिवलग मित्र बसला आहे. तो हळूच म्हणतो, "अरे, तिसरं गणित दाखव ना! दोस्त आहेस की नाही?"

आता तुम्ही काय कराल? गणित दाखवले, तर नियम मोडतो. नाही दाखवले, तर दोस्ती मोडेल अशी भीती वाटते. "कॉपी करू नये" हे वाक्य फळ्यावर लिहिणे सोपे आहे. पण पाठीत पेन्सिल टोचत असताना ते पाळणे अवघड असते. म्हणून या गोष्टीचा आज आपण शांतपणे विचार करू.

आधी शब्दांकडे पाहू. दुसऱ्याचे उत्तर पाहून लिहिणे याला उर्दूत तुम्ही 'नकल' म्हणता. मराठीतही 'नक्कल' हा शब्द आहे. पण एखाद्याच्या बोलण्याचे किंवा चालण्याचे हुबेहूब अनुकरण केले, की मराठी माणूस 'त्याने नक्कल केली' असे म्हणतो. परीक्षेतल्या नकलेला मराठीत सरळ 'कॉपी' म्हणतात. बाकीचे शब्द मात्र तुमच्या ओळखीचे आहेत. दगा, बेइमानी, कबुली, माफी हे शब्द मराठीतही रोज वापरले जातात. आणि मराठीत एक सुंदर शब्द आहे : इमानेइतबारे. 'त्याने इमानेइतबारे नोकरी केली', म्हणजे अगदी प्रामाणिकपणे केली.

या शब्दात 'इमान' आणि 'इतबार' असे दोन शब्द एकत्र आले आहेत. इमान आपल्या मनात असते. इतबार, म्हणजे भरवसा, दुसऱ्याच्या मनात असतो. जो फसवतो, तो पहिल्याने आपले इमान गमावतो. मग एक दिवस दुसऱ्याचा इतबारही गमावतो. आपण या दोन्ही गोष्टी पाहू.

महात्मा गांधी लहानपणी राजकोटच्या हायस्कुलात शिकत होते. ते पहिल्या वर्षात असतानाची ही गोष्ट आहे. एक दिवस जाइल्स नावाचे शिक्षणाधिकारी शाळा तपासायला आले. त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. त्यांतला एक शब्द होता 'केटल', म्हणजे चहाची किटली. लहान मोहनने त्याचे स्पेलिंग चुकीचे लिहिले. वर्गशिक्षकांनी ते पाहिले. त्यांनी बुटाच्या टोकाने मोहनला खूण केली. शेजारच्या मुलाची पाटी पाहून चूक सुधार, असे त्यांना सांगायचे होते. पण मोहनच्या ते लक्षातच आले नाही. मुलांनी एकमेकांचे पाहून लिहू नये, म्हणूनच शिक्षक वर्गात असतात, अशी त्याची समजूत होती!

सगळ्या मुलांचे पाचही शब्द बरोबर आले. एकट्या मोहनचा एक शब्द चुकला. नंतर शिक्षकांनी त्याला त्याचा 'मूर्खपणा' समजावून सांगितला. तरी कॉपी करणे त्याला कधी जमले नाही. ही हकीकत गांधीजींनी आपल्या आत्मकथेत लिहिली आहे. त्या शिक्षकांविषयीचा आदर आपल्या मनातून कमी झाला नाही, असेही ते सांगतात.

या गोष्टीत एक बाब ध्यानात घ्या. कॉपी कर, असे सांगणारी माणसे नेहमी वाईट असतात असे नाही. कधी शिक्षक, कधी मित्र, तर कधी घरचेच कोणी आपल्या भल्यासाठी म्हणून तसे सांगतात. त्यांचा आदर ठेवूनही 'नाही' म्हणता येते.

पण कॉपी केल्याने बिघडते काय? कुणाचे काही चोरले तर नाही ना?

थोडा विचार करा. अंगात ताप आहे की नाही, हे पाहण्यासाठी डॉक्टर थर्मामीटर लावतात. ताप लपवण्यासाठी एखाद्याने थर्मामीटर जोरात झटकला, तर पारा खाली येईल. पण ताप उतरेल का? उलट डॉक्टर औषध देणार नाहीत आणि दुखणे वाढेल. परीक्षाही अशीच असते. तुम्हाला काय येत नाही, ते तिच्यामुळे कळते. कॉपी करणारा मुलगा आपले दुखणे लपवतो. अपूर्णांक न शिकता तो पुढच्या इयत्तेत जातो. तिथे बीजगणित समोर येते. मग त्याला पुन्हा कॉपी करावी लागते. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू लागतो, तो असा.

हे झाले स्वतःचे नुकसान. आता दुसऱ्यांचे पाहा. मध्य प्रदेशात डॉक्टर होण्यासाठीची प्रवेश परीक्षा 'व्यापम' नावाचे मंडळ घेत असे. या परीक्षेत काही हुशार मुले पैसे घेऊन बसवली जात. बैठक क्रमांकांत फेरफार करून त्यांच्याजवळ पैसे देणाऱ्या उमेदवाराला जागा दिली जाई. मग तो उमेदवार निर्धास्तपणे त्यांची उत्तरे उतरवून घेई. २०१३ साली हे प्रकरण उघडकीला आले. २००८ ते २०१२ या वर्षांत असे प्रवेश मिळवणाऱ्या ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने त्या विद्यार्थ्यांना माफी द्यायला नकार दिला. त्यांच्यापैकी काहींचे शिक्षण तर पूर्णही झाले होते. इतक्या वर्षांची मेहनत एका दिवसात वाया गेली.

पण त्याहून मोठे नुकसान कुणाचे झाले? ज्या मुलांनी रात्र-रात्र अभ्यास केला आणि ज्यांच्या जागा या लोकांनी घेतल्या, त्यांचे! त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपली जागा कुणी घेतली, हे त्यांनाही कधी कळले नसेल. कॉपी करणारा चोरी करत नाही, असे आता म्हणता येईल का?

म्हणूनच याविषयी कायदेही झाले. महाराष्ट्रात विद्यापीठाच्या आणि मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी १९८२ साली कायदा झाला. २०२४ साली संपूर्ण देशासाठी सार्वजनिक परीक्षांचा कायदा आला. प्रश्नपत्रिका फोडणाऱ्या टोळ्यांना या कायद्याने कमीत कमी पाच वर्षे कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड होऊ शकतो.

पण केवळ शिक्षेच्या भीतीने प्रामाणिक राहणारा माणूस पहारेकरी दूर गेला, की बदलतो. मनातले इमान वेगळे असते. त्याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच घडले.

फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यात कसोटी सामना चालू होता. गुंडाप्पा विश्वनाथ भारताचे कर्णधार होते. इंग्लंडचे पाच गडी अवघ्या ५८ धावांत बाद झाले होते. नंतर बॉब टेलर खेळायला आला. एक चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला, भारतीय खेळाडूंनी अपील केले आणि पंचांनी टेलरला बाद दिले. पण चेंडू बॅटला लागलाच नव्हता, अशी विश्वनाथ यांची खात्री होती. त्यांनी पंचांना सांगून अपील मागे घेतले आणि टेलरला परत खेळायला बोलावले. मग टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली. इंग्लंडने तो सामना दहा गडी राखून जिंकला.

विश्वनाथ गप्प राहिले असते, तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. निर्णय पंचांचा होता. तरी ते गप्प राहिले नाहीत. भारत तो सामना हरला, हे खरे. चांगुलपणाचे बक्षीस लगेच मिळतेच असे नाही. कधी कधी त्याची किंमत मोजावी लागते. पण त्या सामन्याची आठवण निघाली, की लोक आजही विश्वनाथ यांचे नाव आदराने घेतात.

आता इतबाराकडे वळू. फसवणूक फक्त परीक्षेच्या वर्गात होत नाही. ती घरात होते, मैत्रीतही होते. प्रगतिपुस्तकावर लाल रेघ दिसली, म्हणून एखादा मुलगा अब्बांची सही स्वतःच करतो. क्लासची फी म्हणून घेतलेले पैसे एखादी मुलगी दुसरीकडे खर्च करते. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोणी चार जणींना सांगते. इथे ना पर्यवेक्षक असतो, ना कायदा. पण ज्या दिवशी हे उघड होते, त्या दिवशी अम्मी-अब्बांना कमी गुणांचे दुःख होत नाही. 'आमचं मूल आमच्याशी खोटं बोललं,' याचे दुःख होते. पुढे तुम्ही खरे सांगितले, तरी त्यांच्या मनात शंका येते. काचेला तडा जायला क्षण पुरतो, तसाच विश्वासालाही.

मग ज्याच्या हातून चूक झाली, त्याने काय करावे? पुन्हा गांधीजींकडेच जाऊ. स्पेलिंग न पाहणारा तोच मोहन पंधराव्या वर्षी मात्र चुकला. त्याच्या भावाला सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज झाले होते. भावाच्या दंडात सोन्याचे कडे होते. मोहनने त्यातला सोन्याचा तुकडा काढला. कर्ज फिटले, पण मोहनच्या मनाला चैन पडेना. वडिलांसमोर बोलण्याचे धाडस होईना. शेवटी त्याने एका चिठ्ठीत सगळी कबुली लिहिली, शिक्षा मागितली आणि पुन्हा चोरी न करण्याचे वचन दिले.

वडील आजारी होते. त्यांनी उठून बसत चिठ्ठी वाचली. त्यांच्या डोळ्यांतले अश्रू कागदावर पडले. क्षणभर त्यांनी डोळे मिटले, मग चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. ते रागावले नाहीत. मोहनही रडला. या कबुलीमुळे वडिलांचे आपल्यावरचे प्रेम अधिकच वाढले, असे गांधीजींनी लिहिले आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या हातून अशी चूक झाली असेल, तर आपण वाया गेलो, असे मानू नका. ज्याला फसवले, त्याच्याकडे स्वतः होऊन जा. पकडले गेल्यावर दिलेली कबुली आणि आपणहून दिलेली कबुली यांत फार फरक आहे. बोलायला जीभ वळत नसेल, तर चिठ्ठी लिहा. समोरचा लगेच माफ करील असे नाही. पण गेलेला इतबार परत आणायची वाट तिथूनच सुरू होते.

आता पाठीत टोचणाऱ्या त्या पेन्सिलीकडे परत जाऊ. तुमचा मित्र वाईट नाही. तो घाबरला आहे. उत्तर दाखवले, तर त्याची आजची भीती जाईल. पण गणित त्याला येणार नाही. म्हणून आज मान खाली घालून आपला पेपर लिहा. पेपर सुटल्यावर मात्र त्याला टाळू नका. तो रागावला असेल, एखादा शब्दही बोलेल. ऐकून घ्या. मग म्हणा, "आज संध्याकाळी घरी ये. तिसरं गणित दोघं मिळून सोडवू."

तो आला, तर त्याला गणित शिकवा. नाही आला, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्या घरी जा. परीक्षेत उत्तर दाखवायला पाच सेकंद लागतात आणि दोस्ताला गणित शिकवायला चार संध्याकाळी लागतात. खरी दोस्ती यांतली कोणती, ते तुम्हीच ठरवा.

शब्दार्थ

इमानेइतबारे – प्रामाणिकपणे, विश्वासाने
पर्यवेक्षक – परीक्षेच्या वेळी वर्गावर लक्ष ठेवणारी व्यक्ती
हुबेहूब – अगदी तसेच
टेकू – आधार
निर्धास्त – न घाबरता
गैरप्रकार – नियमाविरुद्ध केलेले काम
तडा – भेग

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोहनने कोणत्या शब्दाचे स्पेलिंग चुकीचे लिहिले?
(आ) विश्वनाथ यांनी कोणाला परत खेळायला बोलावले?
(इ) मोहनने वडिलांना चूक कशी सांगितली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने परीक्षेला थर्मामीटरची उपमा का दिली आहे?
(आ) व्यापम प्रकरणात सर्वांत मोठे नुकसान कोणाचे झाले? का?

३. वाक्यात उपयोग करा.
जीभ न वळणे, वाया जाणे, उघडकीला येणे, चैन न पडणे

४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे या पाठातील पाच शब्द शोधून लिहा.

५. तुमच्या मित्राने किंवा मैत्रिणीने परीक्षेत उत्तर मागितले आणि तुम्ही दिले नाही. त्याला किंवा तिला समजावणारे छोटे पत्र मराठीत लिहा.