बाटली गिऱ्हाइकाची, गुन्हा ढाबेवाल्याचा

प्रश्न : हसनाबादला माझा ढाबा आहे. मी दारू विकत नाही. गिऱ्हाइकं स्वतःची बाटली आणून बसतात. हे चालेल का?
– एक वाचक, ता. भोकरदन

उत्तर : नाही, आणि हे आजच बंद करा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार जिथे जागा चालवणाऱ्याच्या फायद्यासाठी पिऊ दिलं जातं, ती जागा दारूचा गुत्ता ठरते. ग्लास, बर्फ, चकणा तुम्ही पुरवता आणि बिलात लावता, तो फायदाच. कलम 68 तुम्हाला लागतं, कलम 84 तिथे बसणाऱ्यांना. गिऱ्हाइकाच्या खिशातला पिण्याचा परवाना त्याच्यापुरता असतो, त्याने तुमचा ढाबा परमिट रूम होत नाही.

रीतसर करायचं तर एफएल-3 अनुज्ञप्ती लागते. जालन्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात चौकशी करा. शाळा, देवळापासूनचं अंतर आधी मोजा. हमरस्ता जवळ असेल तर तेही पाहा : सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये 20,000 पर्यंत वस्तीच्या ठिकाणी 220 मीटरची अट घातली, पुढे त्यात काही सवलती आल्या.

अर्ज करण्याआधी गावातल्या बायकांशी मात्र जरूर बोला. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दारू बंद करण्याच्या बाजूने, मत दिलं, तर मिळालेली अनुज्ञप्तीही जाते. तो त्यांचा हक्क आहे, आणि मला तो योग्यच वाटतो.